लॅटिनो समाज आणि सार्वजनिक धोरण: विद्यार्थी संशोधन अनुदानाचा अर्ज कोणत्या क्रमाने करायचा

अमेरिकेत शिकणारी आपली मुलं-मुली दर हिवाळ्यात मला जवळजवळ एकच फाइल पाठवतात. नाव वेगळं, विद्यापीठ वेगळं, आतला मजकूर तोच. दोन पानं पार्श्वभूमी, 'मी वीस मुलाखती घेईन' असा एक परिच्छेद आणि शेवटी गोल गोल आकड्यांचं बजेट. खाली निरोप असतो: "दादा, परवा डेडलाइन आहे, जरा नजर टाकशील का?" टाकतो. पण दोन दिवसांत फक्त स्पेलिंग सुधारता येतं, आणि स्पेलिंगमुळे नापास झालेला अर्ज मी अजून पाहिलेला नाही.

अशा छोट्या अनुदानांच्या निवड समितीवर मी काही वर्षं बसलो आहे. रक्कम काहीशे डॉलरपासून चार-पाच हजारांपर्यंत असते. विद्यापीठातली लॅटिनो (म्हणजे ढोबळमानाने लॅटिन अमेरिकेत मुळं असलेल्या लोकांच्या) अभ्यासाची केंद्रं, धोरण विभाग, ग्रॅज्युएट स्कूल अशा ठिकाणांहून ती मिळते. एका बैठकीत तीस-चाळीस अर्ज वाचायचे असतात. त्यात बाद होणाऱ्यांचे विषय वाईट नसतात. क्रम उलटा झालेला असतो: आधी लिहिलं, मग माणसं शोधली, पैसे मिळाल्यावर नैतिक मंजुरीची आठवण झाली. खालच्या क्रमात लिहिणं आठव्या टप्प्यावर आहे, आणि ते मुद्दाम तिथे ठेवलं आहे.

उदाहरण एकच घेतो आणि शेवटपर्यंत तेच वापरतो: कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो आणि मडेरा भागातले द्राक्षबागांतले मजूर आणि तिथला उष्म्याचा नियम.

## टप्पा १: पात्रता, अर्ध्या तासात

जाहिरातीत चार गोष्टी शोधा. नागरिकत्वाची अट आहे का? पदवीचे विद्यार्थी चालतात की फक्त पीएचडीचे? पैसे आधी मिळतात की पावत्या दिल्यावर? आणि कोणत्या तारखेपर्यंत खर्च करायचे?

कॅम्पसवरची बरीच छोटी अनुदानं 'नोंदणीकृत विद्यार्थी' एवढंच मागतात; एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांनाही ती खुली असतात. बाहेरच्या मोठ्या फेलोशिप मात्र पुष्कळदा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांपुरत्या असतात. अट स्पष्ट लिहिलेली नसेल तर केंद्राच्या समन्वयकाला दोन ओळींची ईमेल करा. फोन नको, उत्तर लेखी हवं.

इशारा: 'पावत्या दिल्यावर परतफेड' असेल तर आधी तुमच्या खिशातून जाणार. हजार डॉलर दोन महिने अडकले तर भाडं कसं भराल, हे आत्ताच बघा.

## टप्पा २: विषय बाजूला ठेवा, निर्णय शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. 'लॅटिनो शेतमजुरांचं आरोग्य' हा विषय झाला. धोरणाच्या अनुदानाला प्रश्न लागतो, आणि प्रश्न निर्णयापाशी सुरू होतो. कोरा कागद घ्या आणि तीन ओळी लिहा:

१. कोणता नियम, योजना किंवा तरतूद?
२. ती बदलणं किंवा राबवणं कोणाच्या हातात आहे?
३. त्यांनी निर्णय घ्यायला कोणती माहिती हवी आहे, जी आज नाही?

आमच्या उदाहरणात हे भरून बघू. कॅलिफोर्नियाने २००५ साली बाहेर काम करणाऱ्यांसाठी उष्म्याचा नियम केला. ८० अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे साधारण २७ सेल्सियसला, मालकाने सावलीची सोय करायची. प्रत्येकाला तासाला एक क्वार्ट, म्हणजे जवळजवळ लिटरभर पाणी मिळायला हवं. ९५ अंशांच्या वर आणखी कडक काळजी. मालकाकडे लेखी योजना असली पाहिजे, ती इंग्रजीत आणि 'बहुसंख्य कामगारांना समजेल' अशा भाषेत.

'बहुसंख्य' या शब्दावर थांबा. त्या बागांतल्या टोळ्यांत मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातून आलेले, मिस्तेको किंवा सापोतेको या आदिवासी भाषा बोलणारे मजूर असतात. त्यांतल्या अनेकांना स्पॅनिश कामापुरतीच येते, काहींना तेवढीही नाही. टोळीत बहुसंख्य स्पॅनिश बोलणारे असतील तर मालकाने स्पॅनिश कागद ठेवला की कायदा पाळला गेला. मेळघाटात कोरकू टोळीसमोर मराठी सूचनाफलक लावावा, तसं हे. फलक आहे, नियम पाळलेला आहे, आणि वाचणारा कोणी नाही.

आता तीन ओळी भरतात. तरतूद: उष्म्याच्या योजनेची भाषा. निर्णय: राज्याचं व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य मानक मंडळ, ज्याच्या सभा खुल्या असतात आणि ज्याच्याकडे नियमबदलाची याचिका कोणालाही करता येते. न मिळणारी माहिती: स्पॅनिश न येणाऱ्या मजुराला सावली, पाणी आणि विश्रांतीचा हक्क नक्की कोणाकडून आणि कोणत्या भाषेत कळतो? प्रश्न तयार झाला. तो एका वाक्यात मावतो, आणि वीस मुलाखतींनी त्याचं निदान काही अंशी तरी उत्तर मिळतं.

नेहमीची चूक: देशभराचा प्रश्न घेणे. 'स्थलांतर धोरणाचा लॅटिनो कुटुंबांवर परिणाम' हा दीड हजार डॉलरमध्ये होत नाही. एक काउंटी (तिथला जिल्हाच म्हणा), एक नियम, एक हंगाम, बस.

तपासा: नियम आज लागू आहे का? टेक्सासने २००१ साली, कागदपत्रं नसलेल्या पण तिथेच शाळा शिकलेल्या मुलांना राज्यातल्या विद्यार्थ्यांच्या दराने फी देऊ केली होती. जून २०२५ मध्ये ती तरतूद न्यायालयाच्या आदेशाने थांबली. त्या उन्हाळ्यात त्याच तरतुदीवर काम करायला निघालेल्याला प्रश्नच नव्याने बांधावा लागला असणार. अर्ज पाठवायच्या आठवड्यात नियमाची स्थिती पुन्हा बघा.

## टप्पा ३: 'लॅटिनो' म्हणजे नक्की कोण, ते लिहून ठेवा

समितीतला एखादा सदस्य हमखास इथे बोट ठेवतो. जनगणनेच्या व्याख्येत स्पेनहून आलेला माणूस 'हिस्पॅनिक किंवा लॅटिनो' मध्ये मोजला जातो, ब्राझीलचा माणूस नाही. रोजच्या बोलण्यात बरेचदा उलट असतं. प्वेर्तो रिकोत जन्मलेले लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, तरी दर वर्षी एखाद्या अर्जात त्यांना 'स्थलांतरित' म्हटलेलं असतं. तो अर्ज वाचणाऱ्यांमध्ये एखादी प्वेर्तो रिकन प्राध्यापिका असते, आणि खोलीत जरा शांतता पसरते.

आमच्या उदाहरणातला पेच याहून बारीक आहे. मिस्तेको मजूर स्वतःला लॅटिनो म्हणवतो का? कोणी म्हणवतो, कोणी आधी गावाचं नाव सांगतो. म्हणून अर्जात एकच ओळ घाला: 'या अभ्यासात लॅटिनो म्हणजे अमुक, आणि सहभागी स्वतःची ओळख जशी सांगतील तशी नोंदवेन.' पुरे. लॅटिनो, लॅटिनेक्स, हिस्पॅनिक या शब्दांच्या वादावर अर्धं पान खर्च करू नका.

## टप्पा ४: असलेले आकडे आधी बघा

'याबद्दल माहितीच उपलब्ध नाही' हे वाक्य लिहिण्याआधी चार ठिकाणी जाऊन या.

जनगणना, २०२०: देशात ६ कोटी २१ लाख हिस्पॅनिक किंवा लॅटिनो, म्हणजे १८.७ टक्के. पण याच जनगणनेच्या नंतरच्या तपासणीत या गटाची मोजणी जवळजवळ ५ टक्क्यांनी कमी झाल्याचं जनगणना ब्यूरोनेच सांगितलं. आकडा देताना हेही द्या. वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही तक्त्याच्या खाली बघितलं आहे.

अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे जनगणना ब्यूरोचं दरवर्षीचं नमुना सर्वेक्षण: एका वर्षाचे अंदाज ६५ हजारांहून मोठ्या वस्तीच्या जागांसाठीच मिळतात. छोट्या गावासाठी पाच वर्षांचेच घ्यावे लागतात. प्रत्येक आकड्याशेजारी 'मार्जिन ऑफ एरर' असतो, तो गाळू नका. तीनशे माणसं, अधिक-उणे दोनशे, असा आकडा पाया म्हणून चालत नाही. कोणत्या देशाची मुळं आहेत ते बी०३००१ या तक्त्यात मिळतं. मिस्तेको बोलणारे किती, हे मात्र रोजच्या वापरातल्या तक्त्यांत वेगळं दिसत नाही. ते 'इतर भाषा' मध्ये विरून जातात, आणि तुमच्या अभ्यासाची गरज सांगायला हीच गोष्ट उपयोगी पडते.

शेतमजुरांसाठी कामगार खात्याचं राष्ट्रीय सर्वेक्षण आहे, नॉज या नावाने ओळखलं जाणारं. त्यात एच-२ए या हंगामी शेतकामाच्या व्हिसावर आलेले मजूर धरलेले नसतात. हे न लिहिता त्याचे टक्के वापरलेले अर्ज मी पाहिले आहेत.

चौथं ठिकाण म्हणजे सरकारी कागद. आपल्याकडे माहिती अधिकार, तसा कॅलिफोर्नियात पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट. अर्ज मिळाल्यावर कार्यालयाने साधारण १० दिवसांत कळवायचं असतं की देण्यासारखे कागद आहेत की नाहीत. प्रत्यक्ष कागद हातात यायला महिने लागू शकतात, म्हणून मागणी आजच टाका. स्थानिक परिषदेच्या नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. सभेचं इतिवृत्तही मिळतं. त्याचा उल्लेख अर्जात आला की तुमचं काम नुसतं वाचनातलं नाही, हे दिसतं.

तपासा: मिशिगन स्टेटची जूलियन समोरा इन्स्टिट्यूट, यूसीएलएचं चिकानो स्टडीज रिसर्च सेंटर, न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजातलं प्वेर्तो रिकन अभ्यासाचं 'सेंत्रो' या जुन्या केंद्रांची तुमच्या प्रश्नाजवळची कामं चाळलीत का? वीस नको, तीन वाचा, पण नीट.

## टप्पा ५: माणसं, आणि मधला माणूस

आता माझ्या फजितीची गोष्ट. पहिल्या अनुदानावर मी व्यवस्थित स्पॅनिश प्रश्नावली घेऊन रविवारच्या बाजारात गेलो होतो. जुने कपडे, अवजारं, भाजलेली कणसं, असा तो बाजार. तिथले लोक त्याला रेमाते म्हणतात. एका बाईंनी अकरा प्रश्नांना अकरा वेळा हसून "सी, सी" म्हटलं. सावली मिळते का? सी. मिळत नाही का? सी. शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी कणीस खात उभी होती. तिने शेवटी मला समजावलं की आईला स्पॅनिश येत नाही, ती मिस्तेको बोलते, आणि तुम्ही मेहनत घेत होता म्हणून ती हो म्हणत होती. त्या दिवसाच्या सगळ्या प्रश्नावल्या मी बाद केल्या. अनुदानाचा तिसरा हिस्सा तोवर पेट्रोलमध्ये गेला होता.

म्हणून भाषेची आणि माणसांची सोय अर्जाआधी करा.

आधी संस्था. फ्रेस्नोत ओआहाकाच्या आदिवासी समाजासाठी काम करणारं सेंत्रो बिनासिओनाल आहे. इतर भागांत चर्च, आरोग्य केंद्रं, कायदा-मदत कार्यालयं असतात. पहिल्या भेटीत पाठिंब्याचं पत्र मागू नका. त्यांना कोणता प्रश्न सतावतो ते विचारा. तुमचा प्रश्न थोडा वळवावा लागला तर वळवा.

मग पत्र. 'आमचा पाठिंबा आहे' असं पत्र समितीच्या उपयोगाचं नसतं. पत्रात असावं: आम्ही दुभाषी सुचवू, आमच्या सभागृहात दोन रविवार जागा देऊ, निष्कर्ष आमच्या सभेत मांडून घेऊ. आणि संस्थेचा वेळ फुकट धरू नका, त्याचा काही मोबदला बजेटमध्ये ठेवता येतो का ते बघा.

इशारा: मुकादमामार्फत माणसं गोळा करू नका. तिथे त्याला मायोर्दोमो म्हणतात, कामगार पुरवणारा तो कोन्त्रातिस्ता, पैसे घेऊन शेतावर पोचवणारा तो राइतेरो. ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईला मुकादमासमोर 'पाणी मिळतं का' विचारलं तर ती काय सांगेल, हे मराठी माणसाला समजावायला नको. मुलाखत शेतापासून आणि कामाच्या वेळेपासून दूर घ्या.

तुमची स्पॅनिश कितपत आहे ते खरं लिहा. फोनवरच्या अ‍ॅपवर वर्षभर गिरवलेली स्पॅनिश बाजारात चालते, मुलाखतीत नाही. मिस्तेको ते स्पॅनिश एक दुभाषी आणि स्पॅनिश ते इंग्रजी दुसरा, अशी साखळी लागली तर तासाभराची मुलाखत दोन तासांची होते. हे वेळापत्रकात आणि बजेटमध्ये दोन्हीकडे दिसायला हवं.

## टप्पा ६: आयआरबी, पैसे मिळण्याआधी

माणसांवरच्या संशोधनाला विद्यापीठाच्या नैतिकता समितीची, म्हणजे आयआरबीची (इन्स्टिट्यूशनल रिव्ह्यू बोर्ड), मंजुरी लागते. नियम संघराज्याचा, ४५ सीएफआर ४६. आधी ऑनलाइन प्रशिक्षण, मग अर्ज, तोही बहुतेक ठिकाणी मार्गदर्शक प्राध्यापकाच्या नावासह. अर्ज तीनपैकी एका वाटेने जातो: एक्झेम्प्ट (पूर्ण तपासणीतून सूट), एक्स्पिडायटेड (छोटी तपासणी) किंवा फुल बोर्ड (पूर्ण समितीसमोर).

सर्वांत मोठा गैरसमज पहिल्या शब्दाभोवती आहे. 'माझा अभ्यास एक्झेम्प्ट आहे, म्हणून मी अर्जच केला नाही.' नाही. एक्झेम्प्ट आहे की नाही हे विद्यापीठ ठरवतं, तुम्ही नाही. मंजुरीआधी घेतलेल्या मुलाखती वापरता येत नाहीत आणि मागाहून मंजुरी मिळत नाही.

या विषयात चार गोष्टींकडे जास्त लक्ष द्या.

सही. कागदपत्रं नसलेल्या माणसाची सही असलेला संमतीपत्राचा कागद हाच त्याच्यासाठी सगळ्यात मोठा धोका असू शकतो. ओळख पटवणारा तो एकच दुवा असेल आणि मुख्य धोका गुप्तता भंगण्याचा असेल, तर सहीशिवाय तोंडी संमती घेण्याची मुभा मागता येते. ही मुभा अर्जात मागावी लागते, आपोआप मिळत नाही. मिस्तेको तर मुख्यतः बोलण्याची भाषा. छापील भाषांतर करण्यापेक्षा दुभाष्याच्या आवाजात संमतीचा मजकूर रेकॉर्ड करून ऐकवणं बरं.

इमिग्रेशनचा दर्जा. प्रश्नाला लागत नसेल तर विचारूच नका. आमच्या उदाहरणात तो लागत नाही, कारण उष्म्याचा नियम कागदपत्रं असलेल्या-नसलेल्या दोघांनाही लागू आहे. कोणी आपणहून सांगितलं तर टिपणात उतरवायचं नाही, आणि हे वाक्य अर्जात लिहायचं. खरंच विचारावं लागत असेल तर सर्टिफिकेट ऑफ कॉन्फिडेन्शियालिटी (सहभागींची ओळख उघड करायची सक्ती होऊ नये म्हणून मिळणारं संरक्षण) मिळेल का, ते आयआरबी कार्यालयाला विचारा.

रेकॉर्डिंग. कॅलिफोर्नियात खासगी संभाषण रेकॉर्ड करायला सर्वांची संमती लागते. नको म्हटलं तर हाताने टिपणं, आणि तीही आधी ठरवून ठेवलेल्या पद्धतीने.

साठवण. ऑडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून दुभाष्याला पाठवायचा नाही. विद्यापीठाची सुरक्षित साठवण वापरा, नावांऐवजी क्रमांक घाला, आणि ऑडिओ कधी पुसणार ती तारीख लिहा.

तपासा: अर्जाच्या फॉर्ममध्ये आयआरबीची स्थिती विचारतात. 'पैसे मिळाल्यावर करेन' पेक्षा 'मसुदा दाखल केला, उत्तर यायचं आहे' हे वाक्य फार वजनदार असतं.

## टप्पा ७: कॅलेंडर आणि बजेट, दोन्ही एकाच बैठकीत

वेळापत्रक शेताचं असतं, तुमच्या सुट्टीचं नाही. फ्रेस्नो भागात बेदाण्याच्या द्राक्षांची मुख्य तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. आपल्या तासगावात द्राक्षं शेडमध्ये जाळ्यांवर सुकवतात, तीही फेब्रुवारी-मार्चच्या आसपास. तिथे जुन्या पद्धतीत दोन ओळींमधल्या जमिनीवर कागद अंथरून उन्हात टाकतात, आणि त्या कागदांवर वाकून मजूर काम करतात. जून-जुलैत सुट्टी आहे म्हणून तेव्हाच्या मुलाखती लिहिल्या, तर तोडणीचे दिवस तुमच्या अभ्यासाबाहेर राहतात. सप्टेंबर-ऑक्टोबरचे रविवार धरा. वर्ग सुरू झालेले असतील, इलाज नाही.

आता बजेट. कमाल २,००० डॉलर समजा. दर नमुन्याचे आहेत, तुमच्या भागातले विचारून घाला:

- प्रवास: येऊन-जाऊन १२० मैल, ८ फेऱ्या, ९६० मैल. २०२५ चा सरकारी दर मैलाला ७० सेंट. ६७२ डॉलर.
- सहभागींना मानधन: २० जण, प्रत्येकी २५. ५०० डॉलर.
- मिस्तेको दुभाषी: १० तास, तासाला ४५. ४५० डॉलर.
- स्पॅनिश रेकॉर्डिंगवरून उतरवलेला मजकूर तपासणारी सहविद्यार्थिनी: १६ तास, तासाला २०. ३२० डॉलर.
- निष्कर्षांचं एक पान, छपाई: ४८ डॉलर.

एकूण १,९९०. प्रत्येक ओळीत गुणाकार दिसतो, नुसता आकडा नाही. 'प्रवास: ७००, इतर: ३००' असं लिहिलेलं बजेट आम्ही शेवटी वाचायला ठेवायचो, आणि तोवर पैसे संपलेले असायचे.

इशारा: मानधनाचं गिफ्ट कार्ड देताना विद्यापीठाचं लेखा कार्यालय घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सही मागू शकतं. एका विद्यार्थिनीला आयआरबीने तोंडी संमतीची मुभा दिली आणि लेखा कार्यालयाने वीस जणांच्या सह्यांची यादी मागितली. एका हाताने झाकलेलं दुसऱ्या हाताने उघडं. अर्जाआधीच लेखा कार्यालयाला विचारा की नावांऐवजी क्रमांकांची नोंदवही चालेल का, आणि ते उत्तर आयआरबीच्या अर्जाला जोडा.

लॅपटॉप, फोन, परिषदेचं विमानभाडं यात घालू नका. ते बहुतेक ठिकाणी कापलं जातं. सहविद्यार्थिनीला पगार द्यायचा असेल तर तो विद्यापीठाच्या पेरोलमधून जातो आणि वर काही टक्के लागू शकतात, तेही विचारून ठेवा.

## टप्पा ८: आता लिहा

इथवर आलात तर लिहायला दोन दिवस पुरतात. चार पानांची मर्यादा धरली तर माझी वाटणी अशी असते: अर्ध्या पानात निर्णय आणि प्रश्न, अर्ध्यात आधीचं काम आणि आकडे, दीड पान पद्धत, अर्धं पान सुरक्षितता आणि आयआरबी, उरलेल्यात वेळापत्रक आणि निष्कर्ष कोणाच्या हातात जाणार ते.

पहिल्या परिच्छेदात नियम, जागा आणि प्रश्न आलेच पाहिजेत. आपल्या मुलांना इथे एक मोह होतो: वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत चापिंगोला मक्यावर संशोधन करत होते, दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं, म्हणून मराठी आणि मेक्सिकन नातं जुनं आहे, वगैरे. गोष्ट छान आहे, खरीही आहे. जेवताना सांगा. अर्जात तुमचं नातं म्हणजे तुम्ही किती रविवार त्या बाजारात गेलात.

पद्धतीत 'गुणात्मक मुलाखती' एवढं लिहून थांबू नका. वीस जण कसे निवडणार, किती बायका, किती पुरुष, किती जण स्पॅनिश न बोलणारे, पहिले तीन प्रश्न कोणते, हे लिहा. वीस मुलाखतींवरून काउंटीची टक्केवारी काढता येणार नाही, हे तुम्हीच आधी लिहून टाका. नाहीतर समिती लिहिते.

धोरण बदलण्यासाठी प्रचार करणार असं लिहू नका. अनुदानाच्या अटींत लॉबिंगला सहसा मनाई असते. 'निष्कर्षांचा सारांश मंडळाला आणि भागीदार संस्थेला देईन' हे चालतं.

शिफारसपत्र चार आठवडे आधी मागा आणि सोबत अर्जाचा मसुदा द्या. मसुद्याविना आलेल्या पत्रात 'मेहनती, हुशार, वक्तशीर' असतं. मसुदा वाचून लिहिलेल्या पत्रात 'तिने दुभाष्यासोबत दोन चाचणी मुलाखतींचा सराव केला' असतं.

तपासा: धोरणाचा अभ्यास न केलेल्या एखाद्या मित्राला पहिलं पान वाचायला द्या, मग कागद काढून घ्या आणि विचारा: काय शोधायचंय, कुठे, आणि कोणाला सांगायचंय? तिन्ही सांगता आली नाहीत तर पान परत लिहा. मी हे खोलीतल्या तेलुगू मित्रावर करायचो. तो केमिकल इंजिनियर होता आणि निर्दय होता.

## टप्पा ९: मंजुरीच्या ईमेलनंतर

नाचून झालं की तीन कामं त्याच आठवड्यात.

कर. एफ-१ वरचे विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं सहसा करापुरते नॉनरेसिडेंट, म्हणजे अनिवासी, असतात. फी आणि पुस्तकांपलीकडची फेलोशिपची रक्कम करपात्र असते. त्यातून १४ टक्के आधीच कापले जाऊ शकतात आणि १०४२-एस हा फॉर्म येतो. हिशेब १०४०-एनआर भरताना होतो. म्हणून विचारा: ही रक्कम स्टायपेंड म्हणून येणार की पावत्यांवर खर्चाची भरपाई म्हणून? दोन्हीची वागणूक वेगळी असू शकते. २,००० मधले २८० अचानक गेले तर दुभाष्याचे सहा तास गेले.

व्हिसा. भागीदार संस्थेने 'थोडं काम कर, थोडे पैसे देतो' म्हटलं तर हो म्हणण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा. कॅम्पसबाहेरचं पगारी काम परवानगीशिवाय चालत नाही, मग ते कितीही भल्या हेतूचं असो.

आणि आर्थिक वर्ष. कॅलिफोर्नियात सरकारी विद्यापीठांचं वर्ष ३० जूनला संपतं. तुमची तोडणी ऑगस्टअखेर सुरू होते. मंजुरी एप्रिलची आणि खर्चाची मुदत जूनअखेरची असेल, तर पहिल्या मुलाखतीआधीच पैसे परत गेलेले असतील. रक्कम पुढच्या वर्षात ओढता येईल का, हे समन्वयकाला एप्रिलमध्येच ईमेलने विचारा आणि उत्तराची प्रिंट पावत्यांच्या पाकिटात सगळ्यात वर ठेवा.